पुरावा म्हणून वाजवलेली कॅसेट

१९९६ च्या दिवाळीनंतर सुरतेच्या लिंबायत भागात समाजाच्या वाडीत, म्हणजे सभागृहात, पंचांची बैठक झाली. त्या बैठकीत आमच्या रॉक बँडची कॅसेट पुरावा म्हणून वाजवण्यात आली. बैठक उठली तेव्हा दोन वर्षांची एक मुलगी आईकडून काढून तिच्या वडिलांच्या घरच्यांच्या हवाली करण्यात आली होती. मुलीची आई आमच्या ड्रमरची थोरली बहीण.

बँडमध्ये आम्ही चौघे होतो. गायक बँकेतल्या अधिकाऱ्याचा मुलगा, राहायला अडाजणला. त्याच्या वडिलांनी गाडी रस्त्यावर लावून गाडीची खोली सरावाला दिली होती. त्यामुळे बँड कोणाचा, यावर कधी चर्चा झाली नाही. गिटारवाला त्याच्याच सोसायटीतला गुजराती मुलगा, इंजिनिअरिंगला होता. ड्रमर लिंबायतचा. त्याचे वडील धुळे जिल्ह्यातून सुरतेला येऊन लूमवर कामाला लागलेले. तो स्वतः लग्नाच्या बँडमध्ये वाजवत मोठा झाला होता. चौथा मी. मला एकही वाद्य येत नव्हतं. मी एका दैनिकात उपसंपादकाचं काम शिकत होतो, आणि दोन गाण्यांमधलं निवेदन लिहिण्यासाठी मला घेतलं होतं.

निवेदन लागणार होतं, कारण गायकाला सुटी गाणी नको होती. कॅसेटच्या दोन्ही बाजू मिळून एकच गोष्ट, पहिल्या गाण्यात सुरू होऊन शेवटच्या गाण्यात संपणारी. मध्ये कोणी टेप पुढे पळवली तर गोष्ट कळता कामा नये, असं त्याचं म्हणणं होतं. मराठीत असं कोणी केलेलं नाही, आपण करणार, हे तो आठवड्यातून एकदा तरी सांगायचा. गोष्ट मात्र ठरत नव्हती. पहिला आराखडा चंद्रावर चालत निघालेल्या एका मुलाचा होता. गिटारवाल्याने तो ऐकला आणि म्हणाला, "अरे जवा दे ने, सोड. इथून हजीऱ्याला जायला बस मिळत नाही, आणि हा चंद्रावर."

मग गायकाने ठरवलं की गोष्ट सुरतेचीच हवी आणि तिची सुरुवात लूमच्या खऱ्या आवाजाने व्हायला हवी. ड्रमरचं घर लूमच्या कारखान्याला लागून होतं. भिंत एकच. एप्रिलमधल्या एका दुपारी गायक आणि ड्रमर तिथे टेपरेकॉर्डर घेऊन गेले. मी बरोबर होतो. रेकॉर्डर माळ्यावर, त्या भिंतीला टेकवून ठेवला आणि आम्ही बाहेर ओट्यावर बसलो.

लूमशेजारच्या घरांची एक सवय असते. चोवीस तास माग चालतात, त्यामुळे घरातलं साधं बोलणंही ओरडून होतं. मीठ मागायचं तरी ओरडून. वीज गेली की माग एकदम थांबतात आणि त्या क्षणी जो बोलत असेल त्याचं वाक्य गल्लीभर ऐकू जातं. म्हणून आवाज थांबला की गल्लीतले लोक आधी ओठ मिटतात, मग हळू आवाजात पुढचं बोलतात. लहान मुलांनाही हे येतं.

त्या दुपारी वीज गेली तेव्हा ड्रमरची बहीण आत आईशी बोलत होती. तिला ओठ मिटायला उशीर झाला.

"माय वं, माले तठे धाडू नका! मी नही जावाव!"

आईने दबक्या आवाजात उत्तर दिलं. रेकॉर्डर डोक्याच्या वरच होता.

"मंग पोर त्यास्नी शे, बाई."

नाही गेलीस तर मुलगी त्यांची, असा त्याचा अर्थ. ड्रमर उठून आत गेला. गायक जागचा हलला नाही. वीज आल्यावर त्याने रेकॉर्डर उतरवला, टेप मागे घेतली आणि ओट्यावरच बसून ऐकली. मागांचा गोंगाट, अचानक शांतता, मग तो आवाज. "असं गाता येत नाही कोणाला," तो मला म्हणाला. "हे मिळवायलाच लागतं."

बहिणीची हकिगत मला ड्रमरकडून कळली. तिचं लग्न दोंडाईचाजवळच्या एका गावात झालं होतं. मुलगी झाल्यावर मारहाण वाढली. होळीच्या आधी नवऱ्याने तिला आणि मुलीला गाडीत बसवून सुरतेजवळच्या उधना स्टेशनपर्यंत आणलं, फलाटावर उतरवलं आणि "तुझ्या भावाला बोलव" असं सांगून तो परतीच्या गाडीची वाट पाहायला लागला. ती नेसत्या लुगड्यानिशी, मुलीला कडेवर घेऊन चालत लिंबायतला आली. महिन्याभराने सासरच्यांचा निरोप आला की सुनेला परत पाठवा. आम्ही रेकॉर्ड केलेलं तिचं वाक्य हे त्या निरोपाला दिलेलं उत्तर होतं. आधी त्यांनी टाकलं, नंतर ती नाही म्हणाली. हा क्रम महत्त्वाचा होता, आणि तो आम्हा चौघांनाही माहीत होता.

त्यांच्या समाजात अशा प्रकरणाचा निकाल पंच करत. कोर्ट शहरात होतं. त्या गल्लीतलं कोणी अशा कामासाठी तिकडे गेलेलं नव्हतं. फारकत दोन्हीकडून मिळते, पण नवऱ्याने टाकलं असं ठरलं तर लहान मूल आईकडे राहतं. बाई स्वतः घर सोडून निघाली असं ठरलं तर मूल बापाचं. फलाटावर काय झालं ते पाहणारं कोणी नव्हतं. पण ती पेटी न घेता आली होती, हे सगळ्या गल्लीने पाहिलं होतं, आणि पाहुणी म्हणून आलेली किंवा स्वतः निघालेली लेक पेटी घेऊन येते. पंच तिच्या बाजूने होते, असं ड्रमर सांगत होता. नंतर दोघा पंचांनी मलाही तसंच सांगितलं.

गायकाने आठ दिवसांत आराखडा आणला. खेड्यातून पळालेली एक बाई. पहिल्या बाजूला ती सासर सोडते, पॅसेंजरने सुरतेला येते, साड्यांचे दोरे कापायचं काम धरते. दुसऱ्या बाजूला शहर तिला खातं आणि शेवटच्या गाण्यात ती तापीत उतरते. पहिलं गाणं सुरू होण्याआधी लूमचा आवाज, तो थांबणार, मग बहिणीचं वाक्य आणि आईचं उत्तर.

ड्रमर काठ्या खाली ठेवून म्हणाला, "आक्काचा आवाज नाही घ्यायचा."

"आवाज कोणाचा आहे हे कोणाला कळणार आहे? अहिराणी कोणाला येते इथे?"

"लिंबायतला येते."

"लिंबायत रॉक ऐकते?" गायक हसला. "तुझे आप्पा तरी ऐकतात का तुझे ड्रम?"

"आप्पांना आता काही ऐकू येत नाही. ते सोड. आवाज नाही घ्यायचा."

"बरं बाबा, नाही घेत. तुझी शप्पथ. कॉलेजच्या एखाद्या मुलीकडून करून घेऊ."

मग ड्रमरने दुसरी गोष्ट काढली. सासर सोडताना बाईला नवरा टाकतो, असं का नाही करायचं? खरं तर तसंच झालंय. गायकाने मान हलवली. "टाकलेल्या बाईवर रॉक होत नाही यार. टाकलेल्या बाईवर फक्त रडगाणं होतं. ती स्वतः निघायला पाहिजे. दार लाथ मारून उघडायला पाहिजे." गिटारवाल्याला हे पटलं. मीही विरोध केला नाही. त्या रात्री मी पहिलं निवेदन लिहिलं. त्यात वाक्य होतं : "तिला कोणी काढलं नाही. ती आपल्या पायांनी निघाली."

रेकॉर्डिंग पावसाळ्यात झालं. ड्रमर दिवसा एका डाइंग मिलमध्ये कामाला लागला होता, म्हणून त्याचं वाजवणं आधी रेकॉर्ड करून घेतलं. शेवटच्या जुळवणीला तो नव्हता. कॉलेजच्या दोन मुलींकडून ते वाक्य म्हणवून घेतलं. एक हसली, दुसरीची अहिराणी रेडिओवरच्या बातम्यांसारखी आली. गायकाने एप्रिलची टेप काढली आणि तीच जोडली. साउंड रेकॉर्डिस्टने विचारलं, ही बाई कोण? गायक म्हणाला, "आमची हिरॉइन." कव्हरवर त्याने एक शब्द टाकायला लावला. सत्यकथा.

कॅसेट दिवाळीच्या आधी आल्या. नानपुऱ्यातल्या एका छोट्या हॉलमध्ये कार्यक्रम झाला. अडाजणचे शेजारी, बँकेतली माणसं, शिक्षकमंडळी आली होती. मंडळींनी शेवटपर्यंत बसून ऐकलं. कार्यक्रमात लूमचा आवाज ड्रमरने ड्रमवर काढला होता आणि बहिणीचं वाक्य नव्हतंच. कॅसेटवर ते आहे हे ड्रमरला माहीत नव्हतं. त्याच्या घरी टेपरेकॉर्डर नव्हता. त्याने वाट्याला आलेल्या कॅसेट न ऐकताच गल्लीत वाटल्या. पहिली चहाच्या टपरीवाल्याला दिली. टपरीवाल्याने ती लूमच्या सुट्टीच्या दिवशी लावली, कारण इतर दिवशी त्याच्या टेपचा आवाज कोणाला ऐकू जात नसे.

पुढचं मला टपरीवाल्याने आणि ड्रमरने वेगवेगळं सांगितलं. दोघांचं जुळतं. सुट्टीच्या दिवशी माग कोणी चालू केले, हे बघायला दोन-चार बायका दारात आल्या. मग कॅसेटवरचे माग थांबले. दारातल्या बायकांनी सवयीने ओठ मिटले. आणि ड्रमरच्या बहिणीचा आवाज गल्लीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला. ती त्या वेळी ओट्यावर बसून साड्यांचे दोरे कापत होती. ती कात्री खाली ठेवून आत गेली. टपरीवाल्याने टेप बंद केली नाही. निवेदन पुढे चालू राहिलं. तिला कोणी काढलं नाही. ती आपल्या पायांनी निघाली.

त्या गल्लीत तिच्या सासरच्या गावची तीन-चार घरं होती. दोन दिवसांत कॅसेट दोंडाईचाला पोचली.

ड्रमर अडाजणला आला तेव्हा मी खोलीत होतो. त्याने गायकाला शिवी दिली नाही. म्हणाला, "बैठक लावलीय त्यांनी. तुला बोलावतील. एवढंच सांग की गोष्ट खोटी आहे. मनाने रचलीय."

"सांगतो ना."

"नुसतं रचलीय म्हण. पोरगी जाईल रे."

"अरे, सांगतो म्हणालो ना. आवाज राहिला चुकून. सांगतो."

बैठकीला वाडीत सतरंज्या घातल्या होत्या. पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला भिंतीशी. पाच पंच. पाचही जण आयुष्यभर लूमवर काम केलेले, त्यामुळे पाचांनाही कमी ऐकू येत होतं. प्रमुख पंच जुने मुकादम होते. नवऱ्याकडून त्याचे काका बोलत होते, तिचे चुलत सासरे. नवरा स्वतः मागे बसला होता आणि शेवटपर्यंत बोलला नाही.

गायक काळा टीशर्ट घालून, केस मोकळे सोडून आला. काकांनी त्याला दारातच अडवलं. "बायामाणसं तिकडं बसतात, ताई."

सगळी सतरंजी हसली. गायक लाल झाला आणि आमच्या बाजूला येऊन बसला.

कॅसेट लावली. पंचांना नीट ऐकू आलं नाही. आवाज पूर्ण वाढवून पुन्हा लावली. एका पंचाने हात कानामागे धरला आणि परत मागे घ्यायला सांगितलं. काकांनी दर वेळी स्वतः उठून बटण दाबलं. बहीण भिंतीशी बसली होती, मांडीवर मुलगी. पहिल्यांदा आईचा आवाज टेपवर ऐकू आला तेव्हा मुलीने वर तिच्या तोंडाकडे पाहिलं. नंतर पाहिलं नाही.

प्रमुख पंचांनी गायकाला विचारलं, "ही गोष्ट कोणाची?"

"कोणाची नाही. रचलेली आहे. काल्पनिक."

"म्हणजे खोटी."

"हो."

ड्रमरने श्वास सोडला. काकांनी कॅसेटचं कव्हर वर धरलं. "मग हे काय छापलंय? सत्यकथा."

"ते विक्रीसाठी असतं."

"वा! आमच्या गावात दुधात पाणी घालणारा गवळी आहे. पण तो बिचारा कॅनवर शुद्ध असं लिहीत नाही." पुन्हा हसणं. "आणि तुम्ही गाता का ओरडता, ते आम्हाला खेडुतांना काय कळणार? आम्हाला वाटलं, शिकलेला पोरगा आहे, काहीतरी खरं सांगत असेल. तर या सगळ्या थापा. बापाच्या जिवावर थापा मारायच्या आणि केस वाढवायचे."

"थापा नाहीत," गायक म्हणाला.

"आत्ता तर खोटी म्हणालास, बेटा."

"थापा नाहीत त्या. दोन वर्षं काम केलंय मी त्याच्यावर. एकेक शब्द खरा आहे. मी खोटं गात नाही."

"ती आपल्या पायांनी निघाली, हेही?"

"हो. हेही."

ड्रमर उठून उभा राहिला. "त्याला काय माहीत? तो काय उधन्याच्या फलाटावर होता? मी सांगतो काय झालं ते."

प्रमुख पंच म्हणाले, "तू यात वाजवलंयस ना?"

"हो, पण…"

"वाजवताना कळलं नाही, कोणाच्या गोष्टीवर वाजवतोयस? खाली बस."

मग त्यांनी विचारलं, हे मधलं बोलणं कोणाचं? गायकाने माझ्याकडे बोट केलं. ते वाक्य मला कोणी सांगितलं, असं मला विचारलं गेलं. गोष्ट जशी ठरली होती तसं लिहिलं, असं मी सांगितलं. फलाटाची हकिगत मला ठाऊक होती का? मी हो म्हणालो. काका म्हणाले, "ठाऊक असून लिहिलं नाही, म्हणजे यांनाही ती पटली नव्हती. पेपरवाले आहेत, पंच. यांना खरंखोटं कळतं." मी म्हणालो की गोष्टीसाठी तसं बदललं होतं. एका पंचाने ते शेजारच्याला मोठ्याने परत सांगितलं, आणि सांगताना "बदललं" हा शब्द त्याच्याकडून राहिला. मी दुरुस्त करेपर्यंत ते दुसरं बोलायला लागले होते.

बहिणीला काही विचारण्यात आलं नाही. तिचं म्हणणं कॅसेटवर आलेलं आहे, असं पंचांनी ठरवलं. तिच्या आईचंही.

निकाल प्रमुख पंचांनी उभं राहून सांगितला. फारकत दिली. मूल बापाचं. ड्रमरची आई पदर तोंडात धरून बसली होती. बहीण उठली आणि काकांना म्हणाली की मुलगी दूध बाटलीनेच पिते, बाटली घरी आहे, आणते. काका "आण ना, आण" म्हणाले. ती गेली. तिची मुलगी काकांनी कडेवर घेतली, नवऱ्याने पिशवी उचलली आणि दोघे बाहेर उभ्या असलेल्या रिक्षात बसले. ती बाटली घेऊन धावत परत आली तेव्हा रिक्षा रेल्वे फाटकाच्या पलीकडे गेली होती. टपरीवाल्याने तिला तसं सांगितलं. ती फाटकापर्यंत गेली. फाटक बंद होतं.

मी गायकाच्या स्कूटरवर मागे बसून परत आलो. पुलावर तो म्हणाला, "ते पुन्हा पुन्हा टेप मागे घेणं बघितलंस? बहिरे पंच. काय सीन होता यार." घरापाशी उतरताना त्याने मला विचारलं की मी हे टिपून ठेवलं आहे का.

डिसेंबरमध्ये आमच्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत अल्बमवर लेख आला. लेख मी लिहिला नव्हता. त्यात पंचांची बैठक होती, गायकाचा फोटो होता, आणि एका कलाकृतीने समाजाला आरसा दाखवल्याचं म्हटलं होतं. बहिणीचा उल्लेख "एक पीडित महिला" असा होता. कॅसेटच्या आणखी प्रती काढाव्या लागल्या. नव्या प्रतींवर ड्रमरचं नाव नव्हतं. त्याने ते काढायला सांगितलं होतं, असं गायक म्हणतो. ड्रमरला मी विचारलं, तेव्हा तो म्हणाला की त्याला कोणी विचारलंच नाही.

बँड पुढच्या वर्षी मोडला. गिटारवाला नोकरीसाठी बाहेर गेला. ड्रमरचं कुटुंब लिंबायत सोडून कोसाडकडे राहायला गेलं. तिथल्या घराला लागून लूम नव्हता. तरीही ती माणसं काही दिवस ओरडूनच बोलत होती, आणि शेजारी त्यांना भांडखोर समजत.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खानदेशात माहेरवाशिणी येतात, भाचरंही मामाकडे येतात. १९९७ च्या आखाजीला ड्रमर भाचीला आणायला दोंडाईचाला गेला. बरोबर बहिणीने शिवलेला फ्रॉक होता. त्याला ओट्यावर बसवलं. काका बाहेर आले, गावाकडची, पाऊसपाण्याची चौकशी झाली. फ्रॉक ठेवून घेतला. मुलगी आता नव्या आईला लागलीय, उगाच सवय मोडायला नको, असं काकांनी सांगितलं. मुलगी बाहेर आली नाही. ड्रमरला चहा दिला. चहा पिऊन तो दुपारच्या पॅसेंजरने सुरतेला परत आला.